पुलं पाठ असून चालतात, मग सात-आठ वर्षांपूर्वीचा स्टँडअप शिळा का वाटतो?

चहाबाज

२०१७ च्या सुमारास ॲमेझॉनवर देशी स्टँडअपवाल्यांचे तासातासाचे शो एका दमात आले होते, आठवतंय का? त्यातले काही परवा परत लावले. तेव्हा पोट धरून हसलो होतो हे नक्की आठवतं. आता बघताना काय, होस्टेलचं जेवण, इंजिनिअरिंगची व्हायव्हा, टिंडर, दिल्लीवाले विरुद्ध मुंबईवाले, आईचे व्हॉट्सॲप. वाईट नाहीये काही, पण पुढचं वाक्य यायच्या आधीच कळतं आणि कळलं की मजा संपते. बरं, विनोदात धक्का लागतो, धक्का एकदाच बसतो, इथपर्यंत ठीक. मग गाडीत पुलंची 'म्हैस' लागते तेव्हा काय होतं? ती तर शब्दन् शब्द पाठ आहे. एसटी कुठे थांबणार, कोण कुठल्या क्रमाने खाली उतरणार, मधू मलुष्टे कुठे पचकणार, सगळं माहीत असून मी स्टिअरिंगवर हात आपटून हसतोय.

"पुलं ते पुलं, आजकालच्या पोरांना शिव्यांशिवाय काही येत नाही" हा प्रतिसाद टाइप करत असाल तर कृपया थांबा. चावटपणा तमाशाच्या बतावणीत होता, दादा कोंडक्यांनी त्यावर थिएटरं हाऊसफुल केली, पूर्वी सगळं सोवळ्यात होतं असं काही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. जुन्या माणसाला तोच कार्यक्रम परत परत करायची मुभा होती, मुभा कसली सक्तीच होती. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' १९७९ ला सुरू केलं, ते गेले २००९ ला. जवळजवळ ३० वर्षं एकटा माणूस एक शबनम नि एक उपरणं घेऊन तीच ५२ पात्रं करतोय आणि लोक परत परत जातायत. प्रत्येक गावात कुठे हशा आला कुठे नाही आला हे बघून तो प्रयोग घासला गेला असणार. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर तिघं मिळून कथाकथनाला गावोगाव जायचे तेव्हाही लोकांना ऐकलेलीच कथा परत ऐकायची असायची. आजच्या पोराचं उलटं आहे. वर्षभर क्लबात सेट घासायचा, रेकॉर्ड करायचा, यूट्यूबवर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशीपासून तो मेला. परत केला तर लोक म्हणतात अरे हे बघितलंय. म्हणजे विनोद म्हातारा व्हायच्या आधीच आपण त्याला घराबाहेर काढतो आणि वर म्हणतो हल्लीचं काही टिकत नाही.

चूक असेल तर हाणा. दिवे घेतलेले आहेत, म्हणजे हलकेच घेईन.

खवचट_खंडू

पॉपकॉर्न घेऊन बसतोय. पहिल्या २० प्रतिसादांत "हल्ली लोकांच्या भावना फार दुखावतात" हे वाक्य येणार, आत्ताच लिहून ठेवतो.

पेठेतली_सुलू

चहाबाज, तुम्ही एक गोष्ट सोडलीत. पुलं पेटीवाले होते. त्यांचं बोलणं लयीत आहे, वाक्य कुठे ओढायचं, कुठे टाकून द्यायचं आणि श्वास कुठे घ्यायचा हे गाणाऱ्याचं डोकं आहे. 'अंतू बर्वा' नुसतं वाचा आणि मग ऐका, ऐकताना त्या कोकणी हेलात जो तिरकसपणा येतो तो कागदावर निम्मासुद्धा नाही. गाणं पाठ झालं म्हणून आपण ऐकायचं सोडतो का? उलट समेची वाट बघतो. तसंच आहे हे.

आणि दुसरं म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधला हॉल. मागे जो हशा आहे ना तोसुद्धा आपल्याला पाठ आहे. आमच्याकडे कॅसेट घासून घासून आवाज बसका झाला होता, तरी एका ठिकाणी कोणीतरी बाई जरा उशिरा हसते ते आम्ही सगळे न चुकता ऐकायचो. आम्ही एकटे हसत नव्हतोच, त्या हॉलबरोबर हसत होतो. आता मोबाइलवर हेडफोन लावून एकट्याने बघताना विनोदाला फार काम करावं लागतं.

बाकी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली १९६१ ला, पुस्तक त्याच्या थोडं आधीचं, आणि त्यात शेवटी जे चिंतन आहे त्यात चाळ संपत चालल्याचंच दुःख आहे. म्हणजे पुलंनी तेव्हाच जुन्या होत चाललेल्या गोष्टीवर विनोद केला होता. जी गोष्ट आधीच मागे पडतेय ती अजून किती शिळी होणार!

चहाबाज

सुलूताई, हे शेवटचं भारी आहे. हे डोक्यात नव्हतं आलं.

नीलाक्षी

सगळे 'म्हैस'वर गहिवरलेत तर मी जरा मीठ टाकते. माझी भाची चौदा वर्षांची, प्रवासात आम्ही सगळे ऐकत होतो, ती पण हसत होती, आणि मधेच तिने विचारलं "मावशी, तिचं नाव काय आहे?" कोणाचं? तर 'सुबक ठेंगणी'चं. गाडीत कोणालाच सांगता येईना. म्हशीच्या मालकाला नाव आहे आडनाव आहे, पुढाऱ्याला आहे, मधू मलुष्टेला आहे. तिचं फक्त वर्णन. इतकी वर्षं ऐकून हे माझ्या कानाला कधी खटकलं नव्हतं आणि आता दर वेळी खटकतं. मी अजूनही ऐकते, अजूनही हसते, पण तेवढ्या जागी हसू अर्धा सेकंद अडकतं.

@खंडू, भावना दुखावल्या नाहीयेत, आधीच सांगते.

चहाबाज

नीलाक्षी, मान्य, पण मला वाटतं तिथे टोपी मधू मलुष्टेची उडवलीये. सगळी एसटी तिच्याकडे बघतेय आणि पुलं त्या बघणाऱ्यांची मजा घेतायत.

नीलाक्षी

हो ना, म्हणून तर ती गोष्ट अजून उभी आहे. आता याच्या शेजारी टीव्हीवरचे "बायको माहेरी गेली, आज दिवाळी" टाइप विनोद ठेव. त्यात उडवायला बायकोच आहे, नवरा बिचारा निष्पाप. किंवा पुरुषांनी साडी नेसून छाती सावरत फिरायचं, 'फू बाई फू' पासून कपिलच्या शोपर्यंत सगळीकडे ते होतं. काही जणांनी ते फार सुंदर केलं, सागर कारंडेची पुणेरी बाई बघा, त्यात निरीक्षण आहे, ठसका आहे. पण बऱ्याच जणांचा विनोद साडी नेसण्यापाशीच संपायचा. ते आता बघवत नाही, आणि कोणी दुखावलं जातं म्हणून नाही, त्यात काही नाहीच आहे म्हणून.

गजोधर_फॅन

तुम्ही पुण्यामुंबईची मंडळी एकदम पुलंवरून क्लबात उडी मारता, मधलं २००५ कुठे गेलं? स्टार वनवर 'लाफ्टर चॅलेंज' लागायचं तेव्हा आमच्या कॉलनीत रस्ता रिकामा व्हायचा. सुनील पाल आपला विदर्भातला माणूस, पहिलं वर्ष जिंकला. एहसान कुरेशी त्या लांबवलेल्या सुरात शेर टाकल्यासारखा जोक टाकायचा. आणि राजू श्रीवास्तव. २०२२ ला गेला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

पण प्रामाणिकपणे सांगतो, परत बघायला बसलो तेव्हा त्यातलं जवळजवळ सगळं मिमिक्रीवालं झोपलं. राजकुमार, देव आनंद, अशोककुमार, ज्याची नक्कल तोच माहीत नाही तर पोरगा कशाला हसेल. माझा मुलगा माझ्याच तोंडाकडे बघत होता की बाबा का हसतायत. पण राजूभाईचा गजोधर लागला, लग्नातला बुफे, प्लेट घेऊन उभे असलेले गावचे लोक, तिथे मुलगा हसला. बुफे त्याने बघितलाय ना. आता जॉनी लिव्हरसारखा माणूस ऑर्केस्ट्रात नुसत्या मिमिक्रीवर हजारो लोक धरून ठेवायचा, त्याची कला कमी होती का? मुळीच नाही. ज्यांची नक्कल केली ते मागे पडले, त्याला तो काय करणार.

तर माझ्या मते आधी संदर्भ मरतो. स्वभाव मरत नाही.

खवचट_खंडू

स्वभावाचं एवढं सरळ नाहीये गजोधरभाऊ. 'मुंबईकर, पुणेकर का नागपूरकर' हे स्वभावावरच आहे ना? पुलंनी केलं तेव्हा नवं होतं. मग त्याच पुणेकरावर पाट्यांचे फॉरवर्ड, दुपारी १ ते ४ चे फॉरवर्ड, चितळ्यांचे मीम, प्रत्येक मराठी स्टँडअपवाल्याचे पहिले पाच मिनिट. अरे आता बास. आज मूळ रेकॉर्डिंग ऐकताना मला हसू येत नाही कारण त्याच्या नातवंडांनी मला छळलंय. विनोद काही वेळा वयाने मरत नाही, कॉप्यांनी मरतो.

अवांतर: मी पुणेकर आहे आणि १ ते ४ झोपतो. फोन करू नये.

पेठेतली_सुलू

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

मराठवाडी_मिरची

'वऱ्हाड'चा विषय निघाला म्हणून लिहायलेय. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, आमच्यातलेच. आमच्या घरी त्यांचा प्रयोग म्हणजे सगळी भावकी ट्रॅक्टरमधी बसून जायची. नंतर शिकायला पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलवर मुलींसोबत रेकॉर्डिंग बघितलं, आणि लक्षात आलं की त्या वेगळ्या जागी हसायल्यात. आम्ही हसायचो रुसणाऱ्या जावयाला, हुंड्याच्या नि मानपानाच्या भांडणाला, कारण असा माणूस प्रत्येकाच्या घरात होता. त्या हसायल्या 'करायलंय', 'जायलंय' ला. नुसतं क्रियापद आलं की खी खी.

ह्याच्यात देशपांड्यांचा दोष नाही. पण नंतर टीव्हीवाल्यांनी तेवढंच उचललं. गावाकडची भाषा घातली की झालं, माणूस येडा दाखवायचा. वीस वर्षं हेच. मला विचाराल तर सगळ्यात लवकर नासलेला विनोद हाच आहे, कारण ज्यांच्यावर हसायचे ते आता तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायलेत तिकीट काढून. आणि आता आमच्या भागातली पोरंपोरी स्वतः रील करतात त्याच बोलीत, त्यांचे विनोद बघा, त्याच्यात बोली हा विनोदच नसतो. बोली नुसती बोली असते, विनोद दुष्काळ अनुदानाचा नाहीतर सोयाबीनच्या भावाचा असतो.

एक मात्र कबूल करावं लागतंय. 'वऱ्हाडा'त गावाकडची माणसं पहिल्यांदा विमानात बसतात त्याची मजा आता उतरली. आमच्या तालुक्यात आता घरटी एक पोरगं बाहेर आहे, आई-बाप दोनदा जाऊन आलेले. पण ते लग्नातलं भांडण? ते आजही तसंच चालू आहे, फक्त लॉनवर.

चहाबाज

मिरचीताई दंडवत. संदीप पाठक आता तोच प्रयोग करतो, त्याला हल्लीच्या प्रेक्षकात हशाच्या जागा सरकलेल्या दिसत असतील का असं वाटून गेलं.

न्यूजर्सीकर

इकडचं, अमेरिकेतलं थोडं. जॉर्ज कार्लिन या स्टँडअपवाल्याला १९७२ मध्ये मिलवॉकीला स्टेजवरून उतरल्यावर पकडलं होतं, सात शिव्यांच्या त्या प्रसिद्ध तुकड्यावरून. पुढे तो तुकडा रेडिओवर लागला आणि प्रकरण १९७८ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात. आज तो तुकडा माझ्या मुलांना ऐकवला तर त्यांना कळतच नाही यात काय एवढं, शाळेच्या बसमध्ये रोज ऐकतात ते. पण त्याच कार्लिनचं घरातल्या सामानावरचं आहे, माणूस सामान जमवतो, ते ठेवायला घर घेतो, मग अजून सामान, त्याला ते वेड्यासारखे हसतात. म्हणजे ज्यासाठी अटक झाली ते गेलं आणि साधं वाटलेलं राहिलं.

एडी मर्फीचा १९८३ चा तो लाल लेदरवाला शो तेव्हा डोक्यावर घेतला होता. त्यात समलिंगी लोकांवर आणि एड्सवर जे आहे त्याबद्दल त्यानेच १९९६ मध्ये माफी मागितली, आणि २०१९ मध्ये सांगितलं की स्वतःचं जुनं बघताना आता अंग चोरायला होतं. त्याहून मला रिचर्ड प्रायर मोठा वाटतो. काळ्या लोकांसाठी जी शिवी वापरतात ती त्याच्या विनोदाचा कणा होती, अल्बमच्या नावात होती. १९७९ ला केनियाला जाऊन आला आणि ती त्याने सोडली, आणि का सोडली हे १९८२ च्या शोमध्ये स्टेजवर सांगितलं. कोणी सांगितलं म्हणून नाही. तेव्हा तर कोणी ट्विटरवर मागे लागलेलं नव्हतं.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), गजोधरभाऊ, तुमच्या 'आधी संदर्भ मरतो' या थिअरीला इकडे एक पुरावा आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना विनोदी कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की कमिटीत भांडणं होतात. ज्याने १९८५ ला देश सोडला त्याला १९८५ चा विनोद हवा असतो, सरकारी ऑफिस, रॉकेलची रांग, ट्रंककॉल. २०१० नंतर आलेली आयटीवाली पोरं म्हणतात काका रॉकेल म्हणजे काय. आणि दोघांच्या मुलांना दोन्ही कळत नाही, ती झाकीर खानला जातात. २०२५ ला त्याने मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हिंदीत शो केला, तिथे मी तीन पिढ्या एका रांगेत बघितल्या. तो करतो काय शेवटी, कथाकथनच ना? उभा राहून, निवांत, मधेच भावुक होऊन गोष्ट सांगतो.

खवचट_खंडू

"काका रॉकेल म्हणजे काय" 😂 धागा इथे बंद करा, याच्या वर काही येणार नाही.

मंचभीरू

मी इथे फक्त वाचतो, पण विषय पोटापाण्याचा निघाला. (पोटापाण्याचा म्हणजे दिवसा नोकरी, रात्री ओपन माइक. पोट दिवसाच्यावर चालतं.)

चहाबाज यांचं सेट मरण्याचं जे म्हणणं आहे ते आमच्याकडे रोजचं रडगाणं आहे. ओपन माइकला ४-५ मिनिटांचा स्पॉट मिळतो. समोर पंधरा माणसं, त्यातली दहा स्वतःच्या नंबराची वाट बघणारे कॉमिकच, ते हसत नाहीत, मोबाइलमध्ये स्वतःचे मुद्दे बघत असतात. अशा खोलीत एक ओळ जमायला महिने जातात. "आमचे शेजारी" म्हटलं की हशा येत नाही, "वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी" म्हटलं की येतो, हे तिथेच कळतं. असं करत करत वीस मिनिटं जमतात आणि मग ती इंटरनेटवर टाकायची की नाही हा प्रश्न. टाकली नाही तर तिकिटं कोण काढणार, टाकली तर तिकीट काढून आलेल्याला दाखवायचं काय.

म्हणून सगळीकडे क्राउडवर्कचे रील दिसतात. लोकांना वाटतं पोरांना लिहायला येत नाही म्हणून प्रेक्षकांशी गप्पा मारतात. तसं नाही हो, लिहिलेलं वाचवायचं असतं. गप्पा एकदाच होतात, त्या जाळल्या तरी चालतं. अर्थात पुण्यात "काय करता" विचारलं की अर्धा हॉल आयटी म्हणतो आणि मग पुढचे विनोद पण ठरलेलेच, ते वेगळं.

आणि ताज्या विषयाचा मोह फार वाईट. नोटबंदीवर कोणी काय काय लिहिलं होतं, लॉकडाउनमध्ये डालगोना कॉफीवर काय काय, तेव्हा पहिल्या वाक्याला टाळ्या. आता ते स्टेजवर काढलं तर आधी दोन मिनिटं समजावून सांगावं लागेल. मी ते सगळं फेकलं. राहिलं काय, तर नोटबंदीतलं एकच, आजीने डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे बाहेर आले आणि घरातल्या सगळ्यांना कळलं की तिच्याकडे आजोबांपेक्षा जास्त आहेत. ते अजून चालतं, कारण त्यात नोटबंदी नावालाच आहे.

मराठवाडी_मिरची

हे पूर्ण ऐकायचंय!!

पेठेतली_सुलू

आमच्याकडे तांदळाच्या डब्यात निघाले होते. सासूबाई महिनाभर कोणाशी बोलल्या नाहीत.

गजोधर_फॅन

मंचभीरू, एक विचारू का, राग मानू नका. मराठी स्टँडअप मी भाडिपा या यूट्यूब चॅनलमुळे बघायला लागलो, मुलांना आवडतं, मलाही बरंच आवडतं. पण माझे वडील ७६ वर्षांचे, त्यांना टीव्हीवरची हास्यजत्रा लागते, समीर चौघुले दिसला तरी हसतात, नम्रताची लॉली आली की आवाज वाढवायला सांगतात. स्टँडअप लावला की पाच मिनिटांत म्हणतात "हा नुसता बोलतोय, सुरू कधी करणार?" त्यांना पात्र लागतं, वेश लागतो. यात वयाचा प्रश्न आहे की सवयीचा?

मंचभीरू

सवयीचा, पण पूर्ण नाही. पुलंसुद्धा नुसतेच बोलत होते की. फरक असा की ते अंतू बर्वा होऊन बोलायचे, आम्ही 'मी' होऊन बोलतो. माझं ब्रेकअप, माझी थेरपी, माझा बॉस. तुमच्या वडिलांना वाटत असेल हा कोण, याचं मी का ऐकू? आणि त्यांचं चूक नाही, सव्वीस वर्षांच्या 'मी'मध्ये असतंच किती. म्हणून आमचं लवकर शिळं होत असेल. चाळिशीतल्या मंचभीरूला सव्विशीतल्याची टिंडरची रड सांगायची लाज वाटणारच.

नीलाक्षी

पण मुलींसाठी तो 'मी'च नवा होता ना. आत्तापर्यंत आमच्यावर विनोद व्हायचे, किंवा सुबक ठेंगणी. पहिल्यांदा कोणीतरी बाई माइक घेऊन स्वतःच्या पाळीवर, स्वतःच्या कांदेपोह्याच्या कार्यक्रमावर बोलली तेव्हा मी जी हसले ते पुलंना कधी हसले नव्हते. ते पंधरा वर्षांनी टिकेल का? नाही टिकलं तर आनंदच आहे, म्हणजे तोवर कांदेपोहे बंद झाले असतील.

खवचट_खंडू

कांदेपोहे बंद होणार नाहीत. फारतर मुलगा करेल. तेही कच्चे.

चहाबाज

मंचभीरू, सरळ प्रश्न. ती आजीची गोष्ट यूट्यूबवर टाकलीये का? लिंक द्या. नसेल टाकली तर का नाही?

मंचभीरू

नाही टाकलीये आणि टाकणार नाही. मित्र शिव्या घालतात, म्हणतात तुझ्याकडे एक चालणारी गोष्ट आणि तीच लपवतोस. पहिल्यांदा केली तेव्हा चार मिनिटांची होती, आता अकरा झालीये. सांगलीला केली तेव्हा एक काका मधेच ओरडले "डब्बा स्टीलचा की पितळी?" आणि हॉल फुटला, तेव्हापासून डबा पितळी आहे आणि त्याच्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे. नाशिकला आजोबांना एक वाक्य मिळालं. ती अपलोड केली असती तर डब्यापाशीच थांबली असती. चहाबाज म्हणतायत तसं तीस वर्षं वगैरे माहीत नाही, पण जो कोणी बघून गेलाय तो परत आला तर त्याला आजोबांचं वाक्य नवीन आहे.

गजोधर_फॅन

आमच्याकडे नागपुरात कधी? वडिलांना घेऊन येतो. पात्रं आहेत म्हणजे चालेल.

मंचभीरू

नागपूरचं बोलणं चालू आहे, ठरलं की इथेच टाकतो. काकांना पहिल्या दोन रांगांत बसवू नका, होस्ट सोडत नाही.

गजोधर_फॅन

तुम्ही त्यांना ओळखत नाही. होस्टलाच तिसऱ्या रांगेत बसवा.